वालपारैला जाताय? आधी लाल दिवा समजून घ्या

आमचं कोइंबतूरला गलाईचं दुकान आहे. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलंच आमचं एक. मे महिना लागला की गावाकडची पाहुणेमंडळी येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता प्रश्न येतो, "वहिनी, उटीला जायचं का मुन्नारला?" मी सांगते, वालपारैला जा. मग कुठे आहे, काय आहे, राहायचं कुठे, जनावरं दिसतात का, सगळी चौकशी सुरू होते. ती सगळी उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी अपेक्षा नीट करून घेऊ. वालपारै कोइंबतूर जिल्ह्यातच, अनामलै डोंगरात, साधारण साडेतीन हजार फुटांवर आहे. बोटिंगचं तळं, छोटी आगगाडी, घोडे, मॉल रोड यातलं इथे काही नाही. बाजार म्हणजे चढ-उताराचा एक रस्ता, त्यावर किराणा, रेनकोट-छत्र्या, मोबाइल रिचार्ज आणि परोट्याची हॉटेलं. गाव मळ्यात राबणाऱ्यांचं आहे, पर्यटकांसाठी सजवलेलं नाही. नुसतं गाव बघायला जाल तर तासाभरात कंटाळाल. पण गावाभोवतीचं २२० चौरस किलोमीटरचं पठार म्हणजे वेगळीच दुनिया आहे. चहाचे मळे, थोडी कॉफी, आणि मळ्यांच्या अधेमधे मूळ सदाहरित जंगलाचे राहिलेले तुकडे. चारी बाजूंनी राखीव जंगल: इकडे अनामलै व्याघ्र प्रकल्प, पलीकडे केरळातली परंबिकुलम आणि वाळाच्चालची रानं. त्या जंगलातली जनावरं पठारावरून ये-जा करणारच, आणि त्याच पठारावर ७० हजारांच्या आसपास माणसं राहतात. हे दोन्ही एकाच जागेत कसं नांदतं ते बघायला वालपारैला जायचं. मला तरी तिथे तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

जायचा रस्ता पोल्लाचीवरून. आळियार धरणाजवळ वनखात्याचा नाका लागतो आणि घाट सुरू होतो. चाळीस हेअरपिन वळणं, प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी. घरची गाडी असली तरी एकदा पोल्लाचीच्या स्टँडवरून सरकारी बसने जा, असं मी आवर्जून सांगते. बसची बैठक उंच असते, त्यामुळे कठड्यापलीकडची दरी आणि कड्याची बाजू दोन्ही दिसतात, आणि गाडी चालवणाऱ्यालाही बाहेर बघता येतं. या मार्गावरचे ड्रायव्हर वळण ज्या सफाईने घेतात ते बघण्यासारखं असतं. एका झोकात वळायला जागा नसली की समोरून चढणाऱ्या गाडीला थांबून वाट देतात, हॉर्नचा कलकलाट नाही, चिडचिड नाही. गाडी लागणाऱ्यांनी मात्र आळियारच्या आधी पोटभर खाऊ नये, आणि पुढच्या बाकांवर बसावं.

नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू नावाची जागा आहे. हा रस्ता बांधणाऱ्या लोम नावाच्या अभियंत्याचं नाव तिला दिलंय. खाली आळियारचं पाणी आणि पोल्लाचीकडचं मैदान पसरलेलं दिसतं. सगळे तिथे दरीकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही पाठ फिरवून कड्याकडे बघा. नीलगिरी ताहर, म्हणजे कड्यांवरचा रानबकरा, तमिळमध्ये वरैयाडु, तमिळनाडूचा राज्यप्राणी, त्या बाजूला असतो. जगात फक्त दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, तमिळनाडू आणि केरळातल्या गवताळ कड्यांवर उरलेला हा प्राणी. एरवी तो बघायला परवाना, रांग, ठरलेली वेळ असं सगळं करावं लागतं. इथे तो रस्त्याच्या दगडी भिंतीवर उभा असतो. आम्ही बघितली ती एक मादी होती, सोबत गुडघाभर उंचीचं पिल्लू. दोन दगडांच्या सांध्यात बोटभर फट, त्या फटीत पुढचा खूर टेकवून ती मान लांबवून गवताची एक काडी ओढत होती. मागचे दोन्ही पाय जवळजवळ उभ्या भिंतीवर. पिल्लाने तसंच करून बघितलं, घसरलं, परत चढलं. बसमधल्या शाळकरी पोरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, त्यांच्या रोजच्या वाटेवरचंच ते. मला मात्र उतरून जावंसं वाटत होतं.

वर पोचलात की गावाच्या तीन-चार किलोमीटर आधी पुदुतोट्टम लागतं. रस्त्याच्या बाजूला जंगलाचा एक तुकडा, शंभर हेक्टरही भरणार नाही एवढा. त्यात सिंहपुच्छ माकडं राहतात. काळं अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुबका. हीसुद्धा सह्याद्री सोडून जगात कुठे नाहीत, आणि धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. मुळात हे झाडावरचं माकड, जमिनीवर क्वचित उतरणारं. पण जंगलाचे तुकडे झाले, मधून रस्ता गेला, फांदीला फांदी लागेना, तेव्हा ती खाली उतरून रस्ता ओलांडायला लागली आणि गाड्यांखाली येऊ लागली. म्हणून तिथे रस्त्याच्या वरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत पूल टांगलेत. साधे, आग विझवायच्या जाड कापडी पाइपसारख्या पट्ट्यांचे. माकडं ते खरोखर वापरतात. आधी एक मोठा नर अर्ध्यावर येऊन बसतो, खालच्या वाहनांकडे बघतो, मग बायका-पोरं मागून एकेक करत पलीकडे. शिवाय रस्त्यावर राखणदार असतात. गाड्या हळू करा, खायला देऊ नका, असं सांगत दिवसभर उभे असतात. म्हैसूरची नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संशोधकांची संस्था या पठारावर बरीच वर्षं काम करतेय. पूल, राखणदार, उजाड तुकड्यांत मूळची देशी झाडं परत लावणं, हे काम वनखातं आणि चहा कंपन्यांना बरोबर घेऊन चाललंय.

इथेच आमच्या वाट्याला एक वाईट अनुभव आला तो सांगते. गावातून एक जीप ठरवली होती, 'जनावरं हमखास दाखवतो' म्हणणारी. पुदुतोट्टमला ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि खिडकीतून केळ्याच्या वेफर्सचं पाकीट फोडून माकडांपुढे टाकलं. राखणदार पळत आला तोवर चार माकडं डांबरी रस्त्याच्या मधोमध उतरली होती आणि वळणावरून मालाचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. ह्यांनी तिथेच ड्रायव्हरच्या हातावर पैसे ठेवले आणि आम्ही उतरलो. एका पाकिटाने त्या राखणदाराची वर्षाची मेहनत वाया जाते हो. रस्त्यावर खाणं मिळतं हे माकडाला कळलं की पुलाची गरजच त्याला वाटत नाही. तेव्हा गाडी ठरवताना पहिलीच अट घाला, काही खायला टाकायचं नाही, हॉर्न वाजवून जनावर उठवायचं नाही. जो हसून टाळेल त्याची गाडी घेऊ नका. गावात चांगले, जाणते ड्रायव्हरही आहेत. आम्हाला नंतर मिळालेला पोरगा नुसत्या पंखांच्या आवाजावरून थांबला आणि म्हणाला, वर बघा. महाधनेश होता. त्याचे पंख मारल्याचा आवाज एवढा मोठा येतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एखादं यंत्र सुरू झाल्यासारखं वाटतं. पिवळी भलीमोठी चोच, तिच्यावर शिरस्त्राण, आणि गळ्याशी पिवळसर पांढरा पट्टा. जानेवारीपासून पुढे यांची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवत राहतो, म्हणून त्या दिवसांत बहुतेक नर एकटे दिसतात. तिथेच शेकरूही दिसलं. भीमाशंकरच्या मानाने पाठीला जास्त काळं.

आता राहायचं. आम्ही एका मळ्यातल्या जुन्या बंगल्यात उतरलो होतो. असे बंगले पठारावर बरेच आहेत. एकेकाळी गोऱ्या मॅनेजरांसाठी बांधलेले, आता पाहुण्यांना देतात. उतरतं छप्पर, लांबलचक व्हरांडा, दिवाणखान्यात शेकोटी. भाडं मुन्नारच्या बऱ्या हॉटेलपेक्षा कमी पडलं, जेवणासकट. खोली स्वच्छ, अंथरूण-पांघरूण कोरडं (या हवेत ही मोठी गोष्ट आहे), गरम पाणी सकाळी ठरलेल्या तासातच. मोबाइलची रेंज व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात. आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, गुडघ्यांमुळे फार हिंडता येत नाही. त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या आणि संध्याकाळी समोरच्या मळ्यात गव्यांचा कळप उतरला तो त्यांनीच आधी बघितला. "अगं, चांदोलीच्या रस्त्याला बघितलेले तेच की हे," म्हणाल्या. तेच. चहा ते खात नाहीत, मळ्याच्या कडेचं आणि ओहोळाचं गवत खातात. स्वयंपाकी काकांनी वरण-भातासारखं जेवण आत्यांसाठी कमी तिखट करून दिलं, रोज, न सांगता. बंगल्याला माझे साडेचार तारे, अर्धा कापला तो गरम पाण्यासाठी.

बंगल्याचा एक नियम होता: संध्याकाळी सहानंतर आवाराच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांपैकी काहींनी यावर कुरकुर केली. मला हा नियम सांगणारे लोक आवडले. इथे बिबट्यांनी मजुरांच्या चाळीतली लहान मुलं उचलून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, हत्तींपुढे येऊन माणसं गेलेली आहेत. शतपावलीसाठी जीव घालवायची ही जागा नाही.

हत्ती हा वालपारैचा खरा विषय. मळ्यांच्या मधून ओढे-नद्या वाहतात, त्यांच्या काठाला झाडी शिल्लक आहे, हत्तींच्या वाटा त्याच झाडीतून. दिवसा झाडीत, रात्री मळ्यातून पुढच्या तुकड्याकडे. चहा हत्तीही खात नाही. त्याला ओढ असते ती तांदळाची आणि मिठाची. म्हणून रेशन दुकानांच्या भिंती, शाळेत माध्यान्ह भोजन शिजवायच्या खोल्या त्याने फोडल्याचे किस्से प्रत्येक मळ्यात ऐकायला मिळतात. आमच्या बंगल्यात तांदळाचं पोतं रात्री मुख्य घरात ठेवत नाहीत, ते यामुळेच.

संशोधकांनी जेव्हा माणसं कशी दगावली याची नोंद तपासली, तेव्हा एक साधी गोष्ट पुढे आली. बहुतेकांना हत्ती जवळ आहे हेच माहीत नव्हतं. अंधार पडताना बसमधून उतरून चाळीकडे चालत निघाले आणि वळणावर समोर हत्ती. म्हणजे हत्ती अडवण्यापेक्षा तो कुठे आहे ही बातमी वेळेवर पोचवणं महत्त्वाचं. मग तीन गोष्टी सुरू झाल्या. स्थानिक केबल टीव्हीवर खाली सरकती पट्टी, आज हत्ती अमुक मळ्याच्या तमुक विभागात. नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश आणि आवाजी फोन. आणि मोक्याच्या जागी उंच खांबावर लाल दिवे, जवळपास किलोमीटरभरावरून दिसणारे. हे दिवे मोबाइलवरून पेटतात. कुणी पेटवायचे ती माणसं गावातलीच, मळ्यातलीच, नेमलेली. परिसरात हत्ती आला की दिवा लागतो, गेला की विझतो. या कामासाठी नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या आनंद कुमार यांना २०१५ साली व्हिटली हा वन्यजीव संरक्षणाचा पुरस्कार मिळाला. ही सोय सुरू झाल्यापासून हत्तींमुळे होणारे मृत्यू कमी झाले.

आम्ही बसने मळ्याच्या फाट्यावर येत होतो तेव्हा समोर असा दिवा लागलेला होता. कंडक्टरने काहीच सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. उतरणाऱ्या बायकांनी खिडकीतून दिव्याकडे एक नजर टाकली आणि जागेवरच बसून राहिल्या. पुढच्या थांब्यापर्यंत गेल्या, तिथे वस्ती होती, घरच्यांना फोन करून जीप मागवली. कुठे घबराट नाही, आरडाओरडा नाही, हत्तीला शिव्याशाप नाहीत. त्यातली एक झारखंडची होती, इथे आता तिकडचे बरेच मजूर आहेत. माझ्याशी हिंदी बोलता येतंय म्हणून खुलली. मी विचारलं, दिवसा पानं तोडताना हत्ती आला तर? तिने मला पायातला गमबूट वर करून दाखवला, नडगीच्या उंचीवर ओरखडेच ओरखडे. म्हणाली, "दीदी, चाय के अंदर भागना मत. पैर फँसता है. सड़क पकड़ो." चहाची झुडपं छाटून छाटून वरून गालिच्यासारखी सपाट दिसतात, पण खाली जाड, कडक फांद्यांचा गुंता असतो. माणूस त्यात पळू शकत नाही, हत्ती पळतो. चहात उतरून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावं.

हे सगळं बघताना मला आपले चंदगड, आजरा, दोडामार्ग आठवत होते. तिकडेही कर्नाटकातून हत्ती येतात, भात, ऊस, केळी-माडाच्या बागा तुडवतात, माणसं दगावतात, आणि दर वर्षी तीच ओरड होते. केबलवरची पट्टी आणि खांबावरचा दिवा यात फार मोठा खर्च नाही. तिकडच्या ग्रामपंचायतींतली पाच-दहा माणसं वालपारैला चार दिवस पाठवावीत असं मला मनापासून वाटतं. मळ्यातल्या बायकांशी बोलावं त्यांनी, नुसतं अधिकाऱ्यांशी नको.

चहाबद्दल थोडक्यात. पठारावर लागवड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वाढली. कार्व्हर मार्श या मळेवाल्याचा पुतळा कावर्कलला रस्त्याकडेला आहे. मुडीस भागातले मळे बॉम्बे बर्मा कंपनीचे म्हणून ओळखले जातात, ती कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईत निघालेली. कारखाना बघायला मिळतो का हे मळ्यावर अवलंबून आहे, बंगल्यात विचारा. मिळाला तर सोडू नका. पानं आधी रात्रभर हवेवर कोमेजू देतात, मग दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून दाणा करतात, तो तांबूस झाला की भट्टीत वाळवतात. विकत घ्यायचा तर आपल्या दुधाच्या उकळ्या चहाला बारीक दाण्याचा किंवा डस्ट, म्हणजे भुकटी, घ्या. महागाचा मोठ्या पानाचा घेऊन घरी दुधात उकळलात तर पैसे वाया. वालपारैची डस्ट कडक उतरते, आपण नेहमी टाकतो त्याच्या पाऊण टाका.

खाण्याचं फार कौतुक करत नाही. परोटा-सालना (पातळ रस्सा), इडियाप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया), सकाळी गरम वडे, चांगलं आणि स्वस्त. बस स्टँडजवळच्या टपऱ्यांवरचा चहा मात्र जरूर प्या, साखर कमी सांगून.

दिवस निवडताना पावसाचं भान ठेवा. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस इथे कोसळतो, चिन्नकल्लारची बाजू तर तमिळनाडूत सर्वात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा. त्या दिवसांत हिरवळ डोळ्यांत मावत नाही पण जळवा लागतात, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. घरी म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर डिसेंबर ते मार्च बरं. मे महिन्यात आता इथेही शनिवार-रविवार गाड्या वाढल्यात, आठवड्याच्या मधले दिवस धरा. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाच्या प्रवेशासाठीच्या ई-पासचे चालू नियम एकदा तपासून घ्या.

कुणी जाऊ नये तेही सांगते. ज्यांना दिवसात सात पॉइंट उरकायचेत, ज्यांना रात्री गाणी लावून शेकोटीभोवती नाचायचंय, त्यांनी मुन्नारलाच जावं. निदान दोन रात्री राहायची तयारी हवी. एका दिवसात जाऊन-येऊन घाट तेवढा बघून होतो.

परतताना वेळ असेल तर आल्या वाटेने येऊ नका. शोलैयार धरणावरून मलक्कपारा, तिथून केरळच्या जंगलातून अतिरप्पिळ्ळीचा धबधबा बघत चालक्कुडीला उतरा. सगळा रस्ता दाट रानातून आहे, नाक्यावर गाडीची नोंद होते आणि संध्याकाळी नाका बंद होतो, म्हणून सकाळी नाश्ता करून लगेच निघा. वाटेत पेट्रोल पंप नाही असं धरून वालपारैतच टाकी भरून घ्या. चालक्कुडीहून कोइंबतूरला परतायला रेल्वे मिळते.